गिरणीच्या गाळ्याचा भाव

लग्न होऊन या घरात आल्यापासून कित्येक वर्षं मी माझ्या सासऱ्यांशी एकही सरळ वाक्य बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं हो. नंदुरबारजवळच्या या धानोऱ्यात, आमच्यासारख्या शेतकरी घरांमध्ये सून सासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचं झालंच तर ते तिसऱ्या कुणाला तरी सांगायचं. सासूबाई असल्या तर त्यांना. नसल्या तर दाराला, भिंतीला, नाहीतर ओट्यावर पसरलेल्या मांजराला. "चहा झालाय म्हणावं." "शहाद्याहून फोन आला होता म्हणावं." नाना, म्हणजे माझे सासरे, दोन हातांवर बसलेले असतात, त्यांना सगळं ऐकू जातं, पण उत्तर तेही मांजरालाच देणार. त्या मांजराला आमच्या घरातलं जेवढं ठाऊक आहे तेवढं माझ्या नवऱ्यालाही नसेल.

आता गंमत बघा. हीच मी गावाबाहेर पडले की दिवसभर तोंडाचा पट्टा चालवते. मी सिव्हिल इंजिनिअर. घरांची, दुकानांची, प्लॉटची किंमत काढणं हा माझा व्यवसाय. कुणाला कर्ज द्यायचं असलं की बँक मला आधी ती जागा बघायला पाठवते. मी जाते, टेप लावते, भिंत ठोकून बघते, रस्ता किती रुंद आहे, पाणी कुठून येतं, आजूबाजूला काय भावानं विकलं गेलं याची चौकशी करते आणि मग कागदावर किंमत लिहून खाली सही करते. त्या सहीवर बँक विश्वास ठेवते. म्हणून वेशीबाहेर आलं की पदर खाली, हेल्मेट डोक्यावर, आणि स्कूटर सुसाट.

या धंद्यात लोक गोड बोलून जीव घेतात. अक्कलकुव्याच्या एका दुकानदारानं माझ्यापुढे फरसाणची बशी सरकवत म्हटलं होतं, "मॅडम, आकडा जरा वर धरा ना." मी म्हटलं, "शेठ, मी आकडा धरत नाही, काढते." नंदुरबारमध्ये पेट्या बनवणाऱ्या एका मुसलमान कारागिराचं घर मोजायला गेले, तर त्याची बायको सरबताचा ग्लास घेऊन टेपच्या मागं मागं फिरत होती. मी म्हटलं, "भाभी, मोजून झाल्यावर." ती हसून म्हणाली, "ठीक आहे, बर्फ वितळू द्या." शेवटचा कोपरा मोजून झाल्यावर मी ते सरबत प्यायले, कोमट झालेलं. माझे नियम दोनच. आकडा तोंडी सांगायचा नाही. आणि ज्या जागेत आपला, आपल्या माणसांचा फायदा-तोटा आहे, त्या जागेची किंमत आपण काढायची नाही, मग आपली नियत कितीही साफ असो. दुसरा नियम तर आमच्या व्यवसायाचाच आहे, मी काही मोठी हरिश्चंद्र लागून गेलेली नाही.

आणि नेमका तोच नियम माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

आमचं घर रस्त्यालगत आहे. नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ, असं दोघांचं मिळून. धाकटे वारले, मागं त्यांची बायको राहिली. ती माझ्या नवऱ्याची काकू, म्हणून माझीही काकू. एकच मुलगी, ती अक्कलकुव्याला दिलेली. काकूंचा हिस्सा म्हणजे घराच्या पुढचा, रस्त्याला तोंड असलेला गाळा, आणि त्या गाळ्यात काकूंची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर तिनं ती स्वतः चालवायला घेतली. नानांसमोर तीसुद्धा पदर ओढून गप्प, मोठे दीर ना ते. पण एकदा का गिरणीचा पट्टा फिरायला लागला की ही बाई वेगळीच. भुवया पिठानं पांढऱ्या, आवाज मोटारीच्या वर, आणि गावातल्या सगळ्या बायकांच्या सासवा-नणंदांचा हिशेब हिच्याकडे. मी नवी नवरी असताना मला मांजराशी बोलायला शिकवलं ते हिनंच. "भित काय वं," म्हणाली होती, "मांजर काही उलट बोलत नई." त्या घरात त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

रस्ता रुंद झाला आणि सगळं फिरलं. गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या आता आमच्या दारावरून जायला लागल्या. नानांच्या मनात आलं की पुढचा सगळा भाग एक करून तिथं दुकानांचे गाळे काढावेत, नातवंडांच्या कामी येतील. नातवंडं म्हणजे माझीच मुलं. काकूंचा हिस्सा विकत घ्यायचा आणि तिला मागं, गोठ्याशेजारची खोली राहायला द्यायची. "आपुन संभाळसूच ना तिले," हे त्यांचं म्हणणं. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना मनापासून वाटायचं की ते काकूंचं भलंच करतायत. पण त्यांच्या मनातला भाव होता तो मागच्या जमिनीचा, गोठ्याकडच्या. आणि घ्यायचा होता पुढचा, रस्त्याचा गाळा. अहो, रस्त्याकडची जमीन आणि आतली जमीन यांचा भाव एक नसतो हे शेंबडं पोरही सांगेल. त्या भावानं काकूंची गिरणी जाणार आणि हातात जे येणार त्यात तिला गावात रस्त्यालगत दुसरी गिरणी टाकता येणार नव्हती. गिरणी म्हणजे तिचं सगळं होतं. गोठ्याशेजारच्या खोलीत ती काय करणार होती, म्हशी मोजत बसणार?

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, भाऊबंद जमतात, आणि घरातले असले विषय त्याच मुहूर्तावर मिटवतात. त्याच्या आधी एका सकाळी सासूबाई चुलीशी येऊन म्हणाल्या, "नाना सांगी ऱ्हायनात, तू आकडा काढी दे. घरनीच व्हॅल्युअर शे, मंग बाहेरना कसाले?"

मी म्हटलं, "आई, मला जमणार नाही म्हणावं. घरच्या जागेचं काम मी करू शकत नाही. बाहेरचा कुणीतरी बोलवा म्हणावं, मी फोन नंबर देते."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग कणकेचा हात पुसत बाहेर गेल्या, आणि मी दाराआडून माझ्या कानांनी ऐकलं. त्या नानांना म्हणाल्या, "करी दी. आते तिले कामनी घाई शे."

त्या आत आल्यावर मी चिडून विचारलं, "आई, करून देईन असं मी म्हटलं होतं का?"

"त्यासले मी 'नई' सांगू?" त्या म्हणाल्या. "मनं डोकं फिरेल शे का?"

आता सांगा, करायचं काय? माझ्या आणि नानांच्या मध्ये ही एकच वाट, आणि त्या वाटेवरून 'नाही' हा शब्द पलीकडे जातच नव्हता. गेला तरी पोचेपर्यंत 'हो' होऊन जायचा. मी नवऱ्याला गाठलं. तो शाळेत शिक्षक आहे, माणूस वाईट नाही, पण वडिलांपुढे त्याचाही आवाज पातळ होतो. म्हणाला, "कागद कोन मांगी ऱ्हायनं? तोंडी सांगी दे एक आकडा." मी म्हटलं, तोंडी मी परक्यालाही सांगत नाही. तर म्हणाला, "मंग परकं कोन शे आठे?" आणि चप्पल घालून निघून गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बँकेच्या मॅनेजरला तोंडावर नाही म्हणणारी मी, माझ्याच घरात माझं एक 'नाही' पोचवायला मला माणूस सापडेना.

काकूंना सरळ सांगावं असंही मनात आलं. दोनदा गिरणीपर्यंत गेले. पण सांगणार काय? हा भाव कमी आहे असं म्हटलं की मी आकडा सांगितल्यासारखंच झालं, आणि गप्प बसले तर ती फसणार. दळणाचा डबा ठेवून परत आले. मला कुठंच हलायला जागा नव्हती.

आखाजीच्या दिवशी घर भरलं. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरसाची पातेली, काकूंची लेक आलेली, अंगणात झोका. दुपारी जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी ओट्यावरच्या सतरंजीवर बसली. बायका आतल्या दाराच्या उंबऱ्याशी. काकू त्यांच्यात सगळ्यात पुढे, लेक तिच्या खांद्याला टेकून. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. पदर कपाळापर्यंत.

नाना एका चुलत भावाला सांगत होते, "आमनी सून बँकनं काम करस. घरंना भाव तीच काढस." आणि मग त्यांनी तो आकडा सांगितला. मागच्या जमिनीचा भाव, जसाच्या तसा. "हाऊ आकडा तिनाच शे," ते म्हणाले.

माझ्या हातात ट्रे होता. कपबशा गच्च भरलेल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या पदराकडे. आमच्याकडे बैठकीत सुनेचं मत असं घेतात. आकडा मोठ्यांनी बोलायचा, ती समोर असते, आणि तिला पटलं नसेल तर आतून सासू काहीतरी म्हणते. कुणी काही म्हटलं नाही तर झालं, सुनेला मान्य. मी आत बघितलं. सासूबाईंनी मान दुसरीकडे वळवली.

"सून काही बोलनी नई," चुलत सासरे म्हणाले. "मंग पक्कं समजा."

मला वाटलं होतं काकू तरी ओरडेल. ती कशाची! तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी निवांतपणे, आणि नानांना ऐकू जाईल असं लेकीला म्हणाली, "तिनी सांगेल शे ना? मंग माले काही बोलानं नई."

मी ट्रे ठेवला आणि आत आले. चुलीशी उभी राहिले, भिंतीला टेकून. त्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, पुढच्या गाळ्याकडे उघडणारी, आणि तिच्यातून गिरणीची बंद मोटार दिसत होती. मला राग नानांचा नव्हता एवढा. राग याचा होता की ती बाई माझ्या नावावर विश्वास ठेवून आपली गिरणी देऊन टाकत होती, आणि ते नाव मी कधी दिलंच नव्हतं. मी काही केलं नव्हतं. फक्त चहा नेला होता. आणि तेवढ्यानंच माझी सही झाली होती. बाहेर कुणीतरी कागद आणायला सांगत होतं.

मी परत बाहेर गेले. उंबऱ्यावर उभी राहिले. मांजर नेमकं सतरंजीच्या कडेला बसलेलं, आणि सवयीनं माझी नजर आधी त्याच्याकडेच गेली. मग मी मान वर केली.

"नाना," मी म्हटलं, "हाऊ आकडा मना नई. मी काहीच आकडा सांगेल नई."

अंगणातला झोका सुद्धा थांबला असं मला वाटलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझा चेहरा नीट बघितला तो त्याच क्षणी. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझा नवरा उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला.

"सूनबाई, घरमा जा," चुलत सासरे म्हणाले.

"जाते," मी म्हटलं. "पण तो आकडा माझ्या नावावर नको."

मला वाटलं, आता काकू उठेल, माझा हात धरेल. ती उठली खरी. पण तिचा चेहरा वेगळाच होता. "मंग तुन्हा आकडा कोनता शे?" तिनं विचारलं. "तो सांग. तूच सांग, मी आत्ते मानस."

आणि मला तेही करता येत नव्हतं! काय भोग आहेत बघा. आकडा माझ्या डोक्यात तयार होता. तो गाळा मी रोज येता-जाता बघत होते, मला काय त्याचा भाव माहीत नव्हता? पण तिथं उद्या जी दुकानं उभी राहणार ती माझ्या मुलांची. मी कमी सांगितला तर लुटलं, आणि जास्त सांगितला तर नाना म्हणणार, सुनेनं सूड उगवला, नाहीतर काकूनं फितवली. माझ्या तोंडातून निघालेला कुठलाही आकडा सरळ राहिलाच नसता. मी म्हटलं, "काकू, मी सांगू शकत नाही. बाहेरचा माणूस बोलवा. मी घरची आहे."

काकू माझ्या अगदी जवळ आली. तिच्या अंगाला पीठ आणि आमरस यांचा वास येत होता. "त्यासनी बी नई, मनी बी नई," ती म्हणाली. "मंग तू शे तरी कोनी?"

मी आत गेले आणि भांडी घासायला बसले. सगळी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, आणि रडले. रडले ते काकूवर चिडून. तिच्यासाठी मी त्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि तिनं मलाच असं विचारावं!

पुढचं पटापट झालं. काकूंच्या जावयानं धुळ्याचा एक व्हॅल्युअर आणला. मी त्या दिवशी मुद्दाम कामावर गेले, त्याला तोंडही दाखवलं नाही. त्यानं पुढचा गाळा पुढच्याच भावानं धरला, रस्त्याच्या. तो आकडा ऐकून नानांनी विकत घ्यायचा विचारच सोडला. मग पैशाऐवजी जागाच वाटली गेली. पुढचा गाळा काकूंचा तो काकूंचाच, आणि दोन हिश्श्यांच्या मध्ये भिंत. नानांनी ती भिंत चांगली उंच घातली. अगदी बरोबर हद्दीवर, एक बोटही इकडेतिकडे नाही. तिच्यामुळं माझ्या स्वयंपाकघराची एकुलती खिडकी बंद झाली. आता दिवसाही दिवा लावून स्वयंपाक करते. रस्त्याकडचं आमचं येणं-जाणंही त्याच हिश्श्यातून होतं, तेही गेलं. स्कूटर गोठ्याच्या बाजूनं, म्हशींच्या शेणातून काढावी लागते. धंद्यातल्या माणसाची नजर माझी, म्हणून सांगते, आमच्या हिश्श्याचा भाव त्या भिंतीनं चांगलाच उतरला.

नाना आता माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही म्हणाल, आधी तरी कुठं बोलत होते? तसं नाही हो. आधी मांजराला सांगायचे तेव्हा ते मला सांगायचे. चहा गोड झाला, पाऊस येईल, कांदा कापून घे. आता ते खरोखरच मांजराशी बोलतात. मी तिथं उभी असले तरी. माझा नवरा म्हणतो, निवळेल. त्याच्याकडून वेगळं काय निघणार म्हणा! बँकांची कामं मात्र तशीच चालू आहेत. बाहेर लोक मला मॅडम म्हणतात आणि आकडा वर धरा म्हणून मागं लागतात, आणि मी नाही म्हणते आणि माझं 'नाही' तिथं लगेच पोचतं.

आधी आमच्या घरचा डबा गिरणीत कधी रांगेत लागला नाही. घरचं दळण, आधी तेच पडायचं, गावातल्या बायकांनीही कधी तक्रार केली नाही. भिंत झाल्यावर मी दळण दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची. पण किती दिवस पाठवणार? एका सकाळी डबा घेऊन मीच गेले, गोठ्याकडून पूर्ण वळसा घालून, रस्त्यानं. गिरणीपुढे बायका बसलेल्या. काकूनं मला बघितलं. भुवया पांढऱ्या, हात पट्ट्यावर.

मी सवयीनं डबा चक्कीच्या कठड्यावर ठेवायला गेले.

"रांगमा ठेव," ती म्हणाली. "आठे बठासले सारखंच."

मी डबा सगळ्यांसारखा शेवटी ठेवला, एका म्हाताऱ्या बाईच्या ज्वारीच्या मागं, आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तीच भिंत. या बाजूनं तिला गिलावा केलेला, पांढरा चुना लावलेला. आमच्या बाजूनं नुसत्या विटा आहेत. एक दळण संपलं, मोटार थांबली. काकू पीठ भरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या दिन तू जो आकडा सांगती ना, तो मी डोया मिटीसन लेती. कमी ऱ्हाता तरी लेती."

"म्हनीसनच मी सांगा नई, काकू," मी म्हटलं.

तिचा हात क्षणभर पिठात थांबला. मग तिनं पुढचा डबा उचलला. माझा नव्हे, म्हातारीचा. बटण दाबलं, पट्टा फिरायला लागला, आणि मी माझी पाळी येईपर्यंत तिथंच उभी राहिले.